बीजिंग ते ल्हासा: ट्रेन की विमान? आईला घेऊन जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बीजिंगहून ल्हासाला जायचं ठरतंय. सोबत आई आहे, साठी ओलांडलेली, तब्येत चांगली आहे पण एवढ्या उंचीवर ती कधी गेलेली नाही.

मॅपवर सरळ रेषेत अंतर साधारण 2,550 किमी दिसतं आणि रेल्वेचं मात्र 3,757 किमी! रूट बघितल्यावर उलगडा झाला, गाडी आधी लानझोऊ करत शिनिंगला जाते, मग अजून पश्चिमेला गोलमुडपर्यंत आणि तिथून कुठे ल्हासाच्या दिशेने खाली वळते. एकूण चाळीस तासांच्या आसपास लागतात. डायरेक्ट विमान साडेचार-पाच तासांत पोचवतं पण ते थेट साडेतीन हजार मीटरच्या वरच नेऊन सोडतं, त्याचीच मला धास्ती आहे.

सगळे म्हणतात ट्रेनने जा, हळूहळू चढल्यामुळे शरीराला सवय होते, शिवाय डब्यात ऑक्सिजन असतो. हे कितपत खरं आहे? तांगगुला खिंडीत गाडी 5,072 मीटरवर जाते म्हणे, म्हणजे ल्हासापेक्षाही कितीतरी वर, तिथे त्रास झाला तर? वेळेची घाई नाही, आईला सुखरूप न्यायचंय एवढंच. कोणी गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

प्रतिसाद १
ट्रेनने नक्की जा, पण एका दमात नको. शिनिंगपर्यंतच्या 1,800 किमीत फारशी चढण नाहीच, खरी चढण गोलमुडनंतर, आणि ती काही तासांतच पाच हजारांवर नेते, तेवढ्यात शरीराला कसली सवय होणार? ऑक्सिजन सोडतात हे खरं, बर्थजवळ नळी लावायची सोयही असते, पण डबा विमानासारखा हवाबंद नसतो, हवेचा दाब बाहेरच्यासारखाच कमी होत जातो. म्हणून शिनिंगला दोन-तीन दिवस राहा, ते सव्वादोन हजार मीटरवर आहे, मग पुढची गाडी पकडा, तिथून ल्हासा 1,956 किमी, वीस-एकवीस तास. डायमॉक्स (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी) घ्यायची का ते मात्र आईच्या डॉक्टरांनाच विचारा, स्वतःहून देऊ नका.

प्रतिसाद २
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. अजून एक, परदेशी नागरिकांना तिबेटचं परमिट लागतं आणि ते एजन्सीमार्फतच मिळतं, त्याशिवाय ल्हासाच्या गाडीत चढू देत नाहीत, त्यामुळे तिकिटाआधी ते बघा. गोलमुड ते ल्हासा पट्टा दिवसाउजेडी येईल अशी गाडी मिळाली तर सोडू नका, नाहीतर बराचसा प्रवास अंधारात जातो.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! शिनिंगचा मुक्काम धरूनच प्लॅन करते. ल्हासाला पोचल्यावर पहिल्या दिवशी पोताला राजवाडा ठेवू का? तिथे पायऱ्या खूप आहेत ना?

प्रतिसाद १
पहिल्या दिवशी अजिबात नको. फक्त आराम आणि भरपूर पाणी, पोताला तिसऱ्या दिवशी ठेवा.