टीव्हीवरचा लाव्हा की बाकावरची कागदाची पट्टी?

सागरगोटा

काल दुसऱ्या एका धाग्यावर दूरचित्रप्रेमी यांनी लिहिलं, "सागरतळ कसा पसरतो ते शिकवायला कागदाच्या पट्ट्या ओढण्याचा पोरखेळ कशाला? टीव्हीवरचा तासाभराचा कार्यक्रम लावा, मुलांना सगळं डोळ्यांनी दिसतं." तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते इतकं वाढलं की वेगळा धागा काढते आहे. खरं सांगते, वाचून डोकं फिरलं.

मी सतरा वर्षं विज्ञान शिकवते आहे. असा एक कार्यक्रम मी रेकॉर्ड करून वर्गात दाखवलाही होता. समुद्राच्या तळाला भेग, भेगेतून लालभडक फवारे, धडाम-धुडूम संगीत, "पृथ्वी दुभंगते आहे!" आणि जाहिरात. जाहिरात संपल्यावर पुन्हा तीच भेग, तेच फवारे, तेच वाक्य. मधेच एक शार्क येऊन गेला, तो का आला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं आणि त्याची खूण तळाच्या खडकात पट्ट्यापट्ट्यांनी उरते, त्या चुंबकीय पट्ट्यांबद्दल अख्ख्या कार्यक्रमात अवाक्षर नाही. नंतर मुलांना विचारलं, तळ पसरतो हे कशावरून कळलं? उत्तर आलं, "लाव्हा येतो म्हणून." अरे, लाव्हा कुठल्याही ज्वालामुखीतून येतो!

दुसऱ्या दिवशी दोन बाकं जवळ ओढली, मधे बोटभर फट ठेवली. खालून दोन कोऱ्या पट्ट्या वर काढल्या, दोन मुलं त्या दोन बाजूंना हळूहळू ओढत होती. एक मुलगी मार्कर घेऊन फटीपाशी. जे वर येईल ते एकाच फटकाऱ्यात दोन्ही पट्ट्यांवर रंगवायचं, आणि मी "उलट" म्हटलं की रंग बदलायचा. मी मुद्दाम वेडंवाकडं थांबत होते, कधी पटकन "उलट", कधी बऱ्याच वेळाने. शेवटी पट्ट्या बाकावर सरळ केल्या. मिनिटभर सगळे गप्प. मग मागून एक जण म्हणाला, "बाई, दोन्हीकडे सेम आहे. आणि मधलं सगळ्यात नवं!"

१९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज या भूवैज्ञानिकांनी हेच तर मांडलं, तेही आपल्या हिंदी महासागराच्या तळावरल्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरच्या मोजणीवरून. आणि याला तुम्ही पोरखेळ म्हणता?

दूरचित्रप्रेमी

माझं अर्धं वाक्य उचललंत. "चांगला कार्यक्रम" असं लिहिलं होतं मी.

मला शाळेत भूगोल कधीच कळला नाही. आमचे सर फळ्यावर बाण काढायचे, आम्ही वहीत बाण काढायचो. गालापागोसजवळ १९७७ मध्ये समुद्राच्या तळाशी गरम पाण्याचे झरे सापडले, त्यावरचा कार्यक्रम पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. पाणबुडीच्या दिव्यात उशांच्या ढिगासारखा थिजलेला लाव्हा, त्या काळोखात राहणारे ते हातभर लांब किडे. रात्री झोप लागली नाही. हे तुमच्या दोन बाकांमधून दिसणार आहे का? आणि पट्टीवर रंग तुम्हीच भरले. त्यातून सिद्ध काय झालं?

कंपनलेख

भूविज्ञानात आयुष्य गेलं म्हणून बोलतो. चुका दोघांच्याही आहेत.

टीव्हीवाले प्रावरण, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर, म्हणजे लाल रश्शाचं पातेलं असल्यासारखं दाखवतात. प्रावरण घन आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, प्रावरणातून मात्र व्यवस्थित जातात. पर्वतरांगेखाली खडक वर येताना त्यावरचा दाब कमी होतो आणि त्यातला थोडा भाग वितळतो, तेवढाच शिलारस.

आता बाईंची पट्टी. ती बाकावरून पुढे जाते कुठे? लोंबकळत राहते. हुशार मूल विचारणारच, तळ वाढतोच आहे तर पृथ्वी फुगते का? हा प्रश्न बाळबोध नाही. मारी थार्प यांच्याबरोबर सागरतळाचे नकाशे करणारे ब्रूस हीझेन यांनाही काही काळ पृथ्वी फुगत असावी असंच वाटत होतं. तळ सागरी गर्तांमध्ये, म्हणजे समुद्रातल्या खोल लांबट चरांमध्ये, पुन्हा खाली जातो, हे भूवैज्ञानिक हॅरी हेस यांच्या १९६२ च्या लेखात आहे. तुमच्या दोन बाकांमध्ये गर्ता कुठे आहे?

चौथा_बाक

सगळे मूळ दुखण्याला सोडून बोलताय. डबिंग! मी आणि माझा भाचा एक कार्यक्रम बघत होतो, निवेदक गंभीर आवाजात म्हणतो, "समुद्राचा मजला पसरत आहे." भाच्याने विचारलं, "मामा, समुद्राला मजले असतात? मग वरच्या मजल्यावर कोण?" पुढे भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरकणाऱ्या मोठ्या तुकड्यांच्या, "थाळ्या" झाल्या. भाषांतर करणाऱ्याने एकदा तरी पाठ्यपुस्तक उघडून बघावं की नाही?

दूरचित्रप्रेमी

आणि पाठ्यपुस्तकात काय आहे? प्रावरण, भूपट्ट विवर्तनिकी. या शब्दांना घाबरूनच मुलं टीव्हीकडे वळतात. मजला तर मजला, निदान कळतं तरी.

चौथा_बाक

कळतं? चुकीचं कळतं! "तळ" हा शब्द विहिरीला आहे, पातेल्याला आहे, तळ्याला आहे. लहान पोरालाही ठाऊक असलेला शब्द सोडून तुम्ही मजल्याची बाजू घेताय. मला याचा मनापासून राग येतो. आपल्या भाषेत शब्द नाही म्हणून नाही, शोधायची तसदी घेतली नाही म्हणून हे होतं.

सागरगोटा

चौथा_बाक, शंभर टक्के. प्रावरण हा शब्दसुद्धा अवघड नाही. पांघरूण या अर्थाने सांगितला की सहावीतलं मूलही विसरत नाही.

दूरचित्रप्रेमी

बाई, तुमच्या वर्गातली मुलं विसरत नसतील. माझ्या वर्गातली विसरली, मीही त्यातलाच. तुम्ही दोघं भाषेचे पहारेकरी होऊन बसलात, म्हणून आमच्यासारख्यांना इथे तोंड उघडायची चोरी झाली आहे.

चौथा_बाक

चोरी कसली? चार प्रतिसाद लिहिलेत तुम्ही.

कंपनलेख

तीन. भांडा, पण आकडे बरोबर ठेवा.

त्या डबिंगमधली खरी घोडचूक मजला नाही, कारण ती ऐकणाऱ्याला लगेच खटकते. "लाव्हा वर येऊन खंडांना ढकलतो" हे वाक्य खटकत नाही, म्हणून ते जास्त घातक. भूपट्ट हलण्यामागे सगळ्यात मोठा हात गर्तेत बुडणाऱ्या टोकाचा आहे. थंड, जड झालेला तळ स्वतःच्या वजनाने खाली जातो आणि मागच्या भूपट्टाला ओढतो. पॅसिफिक आणि नाझ्का भूपट्टांच्या कडांना लांबच लांब गर्ता आहेत, म्हणून ते वेगाने सरकतात. अटलांटिकच्या कडेला गर्ता जवळजवळ नाहीत, म्हणून तो नखं वाढावीत तसा सावकाश रुंदावतो.

सागरगोटा

म्हणजे माझी मुलं पट्टी ढकलत नव्हती, ओढत होती, ते बरोबरच होतं तर!

कंपनलेख

हाताने ओढत होती. निसर्गात हात नाहीत.

सागरगोटा

हात काढून टाकते. पट्टीची टोकं बाकाच्या कडेवरून खाली सोडायची आणि टोकाला मूठभर कागदाच्या क्लिपा लावायच्या. एकेक क्लिप वाढवली की पट्टी आपोआप सरकायला लागते. एका टोकाला जास्त क्लिपा, दुसऱ्याला एकही नाही. झाली तुमची गर्ता. आत्ताच घरच्या टेबलावर करून पाहिलं, सातव्या क्लिपेला सुटली.

कंपनलेख

बरं. हे चालेल. फटीतून कागद वर येतो त्यालाही कोणी ढकलत नाही, पट्ट्या दूर जातात म्हणून तो येतो, तेही जमलं. फक्त मुलांना सांगा की फटीखाली द्रवाचं तळं नाही.

दूरचित्रप्रेमी

माझ्या प्रश्नाला मात्र कोणी हात लावला नाही. रंग तुम्ही भरलेत, पुरावा कुठे?

सागरगोटा

पट्टी पुरावा नाहीच, हे मान्य. "तळ असा पसरत असेल तर काय दिसायला हवं?" याचं उत्तर आहे ती. कधी "उलट" म्हणायचं ते मी ठरवलं, दोन्ही बाजू जुळायला मी सांगितलं नव्हतं. पुरावा समुद्रातून आला. बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा खडक, थंड होताना त्यातलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतं. १९६८ मध्ये 'ग्लोमार चॅलेंजर' जहाजाने दक्षिण अटलांटिकमध्ये भोकं पाडली, तेव्हा रांगेपासून जितकं दूर तितका तळ जुना निघाला, एका बाजूला वर्षाला साधारण २ सेंटिमीटर या हिशेबाने. तुमच्या लाडक्या वाहिनीने या जहाजावर दहा मिनिटं दिली असती तर मी हा धागा काढलाच नसता.

दूरचित्रप्रेमी

दिली असती तर मीही बघितली असती. कार्यक्रम बिघडलेत हे मला दिसत नाही असं नाही. तेच दृश्य चारदा दाखवतात तेव्हा मीही वैतागतो. पण त्या काळोखातल्या झऱ्यांवरचा माझा हक्क सोडणार नाही.

मुलीबरोबर रविवारी पट्टी करून बघेन. मापं द्या. तुमच्या वर्गासारखं वेडंवाकडं "उलट" नको, खरं पाहिजे.

सागरगोटा

घ्या. १ सेंटिमीटर म्हणजे ५ किलोमीटर. चुंबकीय क्षेत्राची शेवटची उलटापालट साधारण ७.८ लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे फटीपासून एका बाजूला १५.६ किलोमीटर, पट्टीवर ३ सेंटिमीटरहून थोडं जास्त. त्याआधीची एक मोठी २५.८ लाख वर्षांपूर्वीची, ती १० सेंटिमीटरच्या जरा पुढे. मधल्या छोट्या उलटापालटी सध्या सोडा. मुलीला वेग सांगू नका. वयं आणि पट्टी द्या, वेग तिला काढू दे. आणि झऱ्यांचा कार्यक्रम त्यानंतर लावा, आधी नको.

दूरचित्रप्रेमी

आधी लावणार. झोप उडाल्याशिवाय ती मोजायला बसणार नाही.