एकच पोर, दोन-तीन खेळ आणि तारखा सगळ्या एकत्र: तुमचे अनुभव लिहा

वाडीवाली
काल संध्याकाळी मोतीबाग क्रिकेट मैदानाबाहेर एक आई स्कूटर चालू ठेवूनच उभी होती, मागे पोरगा क्रिकेटच्या पांढऱ्या शर्टावर खो-खोची जर्सी चढवत होता. मला एकदम आमचे दिवस आठवले.

लेक आता नोकरीला लागलाय. पण सातवी ते नववी घरात मल्लखांब, क्रिकेट आणि लालबागच्या तलावावर पोहणं, तिन्ही सुखाने नांदत होते. दिवाळीनंतर मात्र सगळं अंगावर यायचं. शाळेच्या स्पर्धा, गुजरात सरकारचा खेल महाकुंभ, क्रिकेटचा ऐन मोसम, मध्येच उत्तरायण (आपली संक्रांत, पतंगांची; तेव्हा बडोद्यात मैदानावर कुणी सापडेल तर शपथ, सगळे गच्चीवर), वर सहामाही. दोन्ही सरांना आपलाच खेळ खरा वाटायचा आणि एकमेकांना फोन करणार नाहीत. निरोप्या मी.

एकदा मल्लखांबावरून तसाच नेटला गेला. तळहाताला खांबाचं एरंडेल. पहिल्याच फटक्याला बॅट स्क्वेअर लेगला. सर गुजरातीत जे बोलले ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून डिकीत बेसनाचा डबा असायचा, हात चोळायला.

आमच्याकडे चाललं ते असं: सामना आधी, सराव बुडला तर बुडला. दोन्हीकडे सामने आले तर संघाचा खेळ आधी, कारण तिथे बाकीची पोरं अडतात. आणि सरांना सांगायला मुलानेच जायचं, आईने नाही. पहिल्यांदा रडला, मग शिकला. तुमच्याकडे काय करता?

मांजलपूरकर
बेसन!! हे आधी कुणी का नाही सांगितलं. आमच्या गाडीच्या सीटला अजून एरंडेलाचा वास येतो.

सुमाकाकू
नवरात्र विसरलात की. रात्री बारापर्यंत गरबा आणि सकाळी सहाला व्हॉलीबॉल. आमच्या मुलीने तर स्पष्ट सांगितलं, नऊ दिवस मला कुठलाच खेळ नको, गरबा हाच खेळ. सरही म्हणाले चालशे. तेही रात्री तिथेच असतात 😄

फिजिओताई
क्लिनिकमधून घाईत लिहितेय. दोन खेळ चांगलेच, एकाच खेळाला जुंपण्यापेक्षा बरे. पण कोणते दोन, ते बघा. पोहणं आणि वेगवान गोलंदाजी दोन्ही खांद्यावरच येतात, मग खेळ बदलला तरी खांद्याला सुट्टी कुठे? खो-खो नि बास्केटबॉल दोन्ही गुडघ्यावर. दहा ते पंधराच्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखायला लागलं की 'नाटक करतोय' म्हणू नका, उंची भराभर वाढताना तिथलं हाड ओढलं जातं. आणि वेगवान गोलंदाजाची कंबर आठवडाभर दुखत राहिली तर डॉक्टरांना दाखवाच. ढोबळ हिशोब: वय जितकं, आठवड्याला तितकेच तास, सगळे खेळ मिळून. बारा वर्षांचा असेल तर बारा. एक दिवस पूर्ण सुट्टी. पेशंट आला, बाकी नंतर.

मांजलपूरकर
बारा तास? आमचा तेवढं शनिवार-रविवारात करतो. बायकोला दाखवतो हे.

दांडिया बाजार आजोबा
आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. जुम्मादादा व्यायाम मंदिरात एकाच आवारात लाठी, मल्लखांब, कुस्ती, सगळं. सर एकच, वेळ एकच. माणिकरावांनी ती परंपराच घालून दिली होती. मोडलेलं हाड बसवायलाही लोक त्यांच्याकडेच जायचे असं वडील सांगत. आता प्रत्येक खेळाला वेगळी फी, वेगळे बूट, वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप.

इंदूरची लेक
माहेर इंदूर म्हणून डोकावले. आजोबा, बडोद्याचं क्रिकेट म्हटलं की आमच्याकडे अजून जखम भळभळते. 1947 चा रणजी अंतिम सामना, बडोद्याचे हजारे 288 आणि गुल महंमद 319, दोघांची 577 ची भागी, आणि समोर कोण तर आमचा इंदूरचा होळकर संघ!

दांडिया बाजार आजोबा
ती भागी जगात 2006 पर्यंत कुणाला मोडता आली नाही. लिहून ठेवा.

इंदूरची लेक
आणि पुढच्याच मोसमात रणजी कुणी जिंकली, तेही लिहून ठेवा :)

सुमाकाकू
अहो धागा मुलांचा आहे.

निजामपुरा बाबा
आमचं जरा वेगळं. मुलगा सोळा वर्षांखालच्या क्रिकेटला, वयासाठी मनगटाचा एक्स-रे काढायचा होता, नेमका त्याच सकाळी बॅडमिंटनचा पहिला सामना. बॅडमिंटनचे सर म्हणाले 'आज आला नाहीस तर उद्या येऊ नकोस'. मुलगा एक्स-रेला गेला, बॅडमिंटन सुटलं ते सुटलंच. क्रिकेटमध्येही पुढे काही झालं नाही. तो म्हणतो ठीक आहे. मला अजून त्या 'उद्या येऊ नकोस'चा राग येतो. बारीक पोराशी असं बोलतात का?

वाडीवाली
@निजामपुरा बाबा नाही बोलत. वाईट वाटलं वाचून. हल्ली नुसतं मजेसाठी खेळतो का?

निजामपुरा बाबा
रविवारी समाच्या इनडोअरला जातो मित्रांबरोबर. मलाच हरवतो.

घाईतली आई
सगळं वाचलं नाही, कुकर लावलाय. फक्त विचारायचं होतं, दोन सरावांच्या मध्ये खायला काय देता? घरी यायला वेळ नसतो आणि माझी मुलगी गाडीत थंड पोळी-भाजी खात नाही.

सुमाकाकू
थेपले, सुके बटाटे. दह्याचं काही नको, गाडीत सांडतं.

मांजलपूरकर
सेव-उसळ.

फिजिओताई
सेव-उसळ खाऊन पळवणार तिला?? केळं आणि चिक्की द्या. सेव-उसळ सामना संपल्यावर.

मांजलपूरकर
ती माझ्यासाठी म्हटलं होतं. थांबायचं आम्हालाच असतं ना बाहेर दोन तास.

वाडीवाली
बरं, माळ्यावर लेकाचे लहान मापाचे पॅड आणि हातमोजे पडलेत, चांगले आहेत, पट्टे नवे लावलेत. कुणाला हवे असतील तर न्या, पैसे नकोत.

घाईतली आई
डावखुऱ्याचे मोजे आहेत का? कुकर झाला, येते परत.