कॅलिफोर्नियात, सांता क्लारा कौंटीत घरभाडं किती भरता? आकड्यासकट अनुभव सांगा

परवा दाराखालून सरकवलेलं एक पाकीट मिळालं. लीज संपायला तीन महिने आहेत. आत्ता ३,१५० डॉलर भरतो, नव्या लीजमध्ये ३,५६०. सनीव्हेल, दोन बेडरूम, एक बाथरूम, कपडे धुवायची मशीन खाली सगळ्यांत मिळून, गाडीला एक छत. आम्ही दोघं, सहा वर्षांची मुलगी, आणि नोव्हेंबरात सहा महिन्यांसाठी येणारे सासू-सासरे. रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही वही काढून बसलो. पहिली काट पडली ती सासू-सासऱ्यांच्या तिकिटांवर.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मराठी मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, "आमचंही वाढलं गं." किती, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गणपतीला आपण शेकड्यांनी भेटतो, मोदकाची उकड कुठल्या दुकानाच्या पिठाची चांगली येते ते सगळ्यांना पाठ असतं, पण शेजारच्या बिल्डिंगमधलं मराठी कुटुंब भाड्याचे किती देतं हे कुणाला माहीत नसतं. माझी आई सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढली. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाचं भाडं प्रत्येकाला तोंडपाठ होतं. मालकाने एकाचं वाढवलं की संध्याकाळी सगळे खाली चौकात जमायचे.

म्हणून हा धागा. गाव, खोल्या, वर्ष आणि आकडा मोकळेपणाने लिहा. मालकाचं किंवा कॉम्प्लेक्सचं नाव नको. घरापायी काय सोडावं लागलं, काय उमगलं तेही येऊ द्या. २०२३ साली अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याने या कौंटीतल्या चौघांच्या कुटुंबाचं मध्यम उत्पन्न १,८१,३०० डॉलर धरलं होतं. म्हणजे निम्मी कुटुंबं त्याच्या खाली. आयटीत नसलेल्यांनी तर आवर्जून लिहा.

सांता क्लारा, एक बेडरूम

२००९ ला आलो तेव्हा १,३५०. मंदी होती, मॅनेजरने स्वतःहून पहिला महिना माफ केला. २०१५ ला २,२००, २०१९ ला २,७५०. मग २०२० चा उन्हाळा आला. घरून काम सुरू झालं आणि आमच्या मजल्यावरची पाच घरं रिकामी झाली. कुणी सॅक्रामेंटोला, कुणी टेक्ससला. तेव्हा २,१५० आणि वर सहा आठवडे फुकट. तीच भिंत, तोच गालिचा. २०२२ मध्ये सगळं पुन्हा वर गेलं, आज २,८०० भरतो. या चढउतारात घरात एक नळही बदललेला नाही. भाडं घराचं नसतं, आजूबाजूला त्या महिन्यात किती माणसं नोकरीला लागली त्याचं असतं, एवढं मला पंधरा वर्षांत कळलं.

सॅन होजे, विद्यार्थी

विद्यापीठाजवळ दोन बेडरूममध्ये आम्ही पाच जण. भाडं ३,२००. बेडरूममध्ये दोन-दोन, हॉलमध्ये मी, पडदा लावून. माझा वाटा ५००, कारण हॉलवाल्याला कमी. लीजवर नावं फक्त तिघांची आहेत, त्यामुळे मॅनेजर आला की आम्ही दोघं लायब्ररीत जातो. परीक्षेच्या आठवड्यात एकदा मिक्सरच्या आवाजावरून भांडण झालं आणि दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. नाशिकला आईला व्हिडिओ कॉल करतो तेव्हा पडदा दिसणार नाही असा फोन धरतो. दादा-ताईंनो, पहिली नोकरी लागल्यावर एकट्याने राहायला किती पगार लागतो? कुणी खरा आकडा सांगत नाही.

वरच्या विद्यार्थ्याला

भाड्याच्या तिप्पट पगार, करापूर्वीचा. बहुतेक कॉम्प्लेक्स हेच मागतात, काही अडीचपट चालवून घेतात. २,६०० चं घर तर महिना ७,८००. क्रेडिट स्कोअर नसेल तर नोकरीचं ऑफर लेटर दाखव, चालतं. आणि लीजवर नाव नसलेल्या माणसाला भाडेकरूचं संरक्षण सिद्ध करणं फार अवघड जातं, तेवढं बघ. आईला पडदा दाखव. तिला तू जेवतोस की नाही याची काळजी आहे, पडद्याची नाही.

ईस्ट सॅन होजे, एक खोली

मी बालवाडीत शिकवते. ताशी २४ डॉलर, महिन्याला करापूर्वी साधारण ४,१६०. वर लिहिलेल्या तिपटीच्या हिशोबाने मला १,३८६ डॉलरचं घर मिळू शकतं. असं घर या कौंटीत मी चार वर्षं शोधते आहे, ते नाही. घटस्फोटानंतर एका व्हिएतनामी कुटुंबाच्या घरात मागची खोली घेतली, १,२५० डॉलर, स्वयंपाकघर सामायिक. माणसं फार चांगली. आजींनी मला पावसाळ्यात स्वतःची छत्री दिली. पण माझा मुलगा शनिवार-रविवार माझ्याकडे येतो तेव्हा मी जमिनीवर झोपते आणि तो दहा वर्षांचा झाला आहे, त्याला ते आता कळतं.

मतदारांनी २०१६ मध्ये मेजर ए नावाचा कौंटीचा प्रस्ताव मंजूर केला. त्यातून परवडणाऱ्या घरांसाठी ९५ कोटी डॉलरचे रोखे उभे राहिले. त्या पैशाच्या मदतीने बांधलेल्या इमारती मी बसमधून जाताना बघते, सुंदर आहेत. तीन ठिकाणी माझं नाव प्रतीक्षायादीत आहे. एका ठिकाणी सोडतीत नंबर लागला होता, पण त्या वर्षी मी सुट्टीतले जादा तास केले होते आणि माझं उत्पन्न मर्यादेच्या थोडंसं वर गेलं. जादा तास केले नसते तर आज मुलाला खोली असती.

अजून एक लिहिते. माझी सकाळची बस २२ नंबरची. पालो आल्टो ते ईस्टरिज. ती कित्येक वर्षं रात्रभर चालायची आणि घर नसलेली माणसं तिकीट काढून तिच्यात झोपायची. लोक तिला हॉटेल २२ म्हणत. मी नवीन असताना पहाटे त्या बसमध्ये चढले तर गणवेशातली एक बाई मांडीवर डबा ठेवून झोपली होती. तिच्या गळ्यात नोकरीचं ओळखपत्र होतं. नोकरी होती, घर नव्हतं. तोवर मला वाटत असे की घर नसणं म्हणजे काम नसणं.

क्युपर्टिनो

शाळेसाठी आलो, लपवत नाही. दोन बेडरूम, २०१६ ला ३,०५०, आता ३,९००. नवीन येणाऱ्यांना एक सांगते: पत्ता सॅन होजेचा पण शाळा क्युपर्टिनोची असे पश्चिमेकडचे भाग आहेत, बॉलिंजर रोडच्या आसपास शोधा. भाड्यात दोनशे-तीनशेचा फरक पडतो. शाळेच्या हद्दीचा नकाशा स्वतः तपासा, जाहिरातीवर विसंबू नका.

ज्या शाळांसाठी आपण इतकं भरतो, तिथली मुलंच कमी होत चालली आहेत. लहान मुलं असलेल्या तरुण जोडप्यांना इथे घर परवडत नाही, हे त्यातलं मोठं कारण. पटसंख्या घटल्यामुळे २०२२ मध्ये इथल्या काही प्राथमिक शाळा बंद झाल्या. माझ्या मुलीच्या वर्गातल्या चार जवळच्या मैत्रिणींपैकी तिघी गेल्या: ऑस्टिन, टेक्ससमधलं फ्रिस्को, आणि एक परत पुण्याला, बाणेरला. दर जूनमध्ये निरोपाची पार्टी. यंदा ती म्हणाली, आई, मी नवीन मैत्रीण करणारच नाही.

सनीव्हेल, लीज मोडलेला

जानेवारी २०२३ मध्ये नोकरी गेली. एच-वन व्हिसावर दुसरी नोकरी शोधायला ६० दिवस मिळतात, लीजचे सात महिने बाकी होते. ३,३०० गुणिले सात. मॅनेजर म्हणाले, सगळे भरावे लागतील. बायकोने हंबरडा फोडला. खरं म्हणजे कॅलिफोर्नियात तसं नाही. भाडेकरू गेला तर मालकाला ते घर पुन्हा भाड्याने देण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा लागतो, आणि साधारणपणे घर रिकामं राहिलं तेवढ्या काळाचीच नुकसानभरपाई मागता येते. हे मला मोफत सल्ला देणाऱ्या एका वकीलबाईंनी सांगितलं. मी स्वतः ओळखीतून भाडेकरू शोधून दिला, पाच आठवड्यांचं भाडं भरून सुटलो. त्या दिवसांत एका मराठी कुटुंबाने आम्हाला त्यांच्या गॅरेजवरच्या खोलीत दोन महिने ठेवलं, एक पैसा घेतला नाही. ते हा धागा वाचत असतील. काका, काकू, मुलीचं नाव आम्ही तुमच्या सुचवण्यावरूनच ठेवलं आहे.

धागा काढणाऱ्या ताईंसाठी, माउंटन व्ह्यूहून

ताई, तुमची इमारत कधीची आहे? आधी तेवढं बघा. एबी १४८२ नावाचा राज्याचा कायदा १ जानेवारी २०२० पासून लागू आहे. इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर बारा महिन्यांत भाडं ५ टक्के अधिक त्या भागाचा महागाई दर, एवढंच वाढवता येतं, आणि एकूण कधीही १० टक्क्यांच्या वर नाही. ३,१५० वर १० टक्के म्हणजे ३,४६५. ३,५६० म्हणजे १३ टक्के झाले. महागाई दर कमी असेल तर मर्यादा ३,४६५ च्याही बरीच खाली येते.

तुमचं पत्र तीन महिने आधी आलं, यावरून मला शंका आली. १० टक्क्यांहून जास्त वाढवायचं तर ९० दिवसांची नोटीस लागते, असा एक वेगळा नियम आहे. तो या मर्यादेतून सुटलेल्या घरांच्या कामाचा. पुष्कळ मालकांना वाटतं, आणि भाडेकरूंनाही वाटतं, की ९० दिवस दिले म्हणजे काहीही वाढवता येतं. तसं नाही.

सॅन होजेत सप्टेंबर १९७९ च्या आधीच्या, तीन किंवा जास्त घरांच्या इमारतींना शहराची वर्षाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. आमच्या माउंटन व्ह्यूत २०१६ मध्ये मतदारांनी भाडेवाढीला मर्यादा घालणारा मेजर व्ही हा प्रस्ताव मंजूर केला, फेब्रुवारी १९९५ च्या आधीच्या अपार्टमेंटना तो लागतो. त्यामुळे मी २०१७ पासून एकाच घरात आहे, आज २,४६० देतो. रस्त्यापलीकडे नव्या इमारतीत तेवढीच खोली ३,५०० ला. आता मी हलू शकत नाही. दुसरं मूल झालं, घर लहान पडतं, पण हे सोडलं तर हजारावर डॉलर जास्त. आणि राज्याचा कायदा सध्या तरी २०२९ अखेरपर्यंतच आहे, तेही डोक्यात ठेवा.

माउंटन हाउस

आम्ही कौंटीच सोडली. सॅन वाकीन कौंटीत माउंटन हाउस, जुलै २०२४ मध्ये याचं रीतसर शहर झालं. सनीव्हेलला दोन बेडरूमचे ३,४०० भरत होतो, इथे चार बेडरूमचं स्वतःचं घर घेतलं, मागे कढीपत्ता लावला, आई-बाबांना खाली वेगळी खोली. गल्लीत तीन मराठी घरं आहेत. नवरा पहाटे निघतो, ट्रेसीहून एस नावाच्या उपनगरी रेल्वेची ट्रेन, सांता क्लाराला ग्रेट अमेरिका स्टेशनला उतरेपर्यंत दीड तास. गाडीने गेलं तर आल्टामाँट पासवर किती वेळ जाईल सांगता येत नाही. आठवड्यातून तीन दिवस तो मुलगा उठायच्या आत जातो आणि झोपायच्या सुमारास येतो. मुलाने पहिलं पाऊल टाकलं ते त्याने ट्रेनमध्ये फोनवर पाहिलं. घर घेतल्याचा पश्चात्ताप नाही. पण हा खर्च कुठल्या रकान्यात लिहायचा ते मला कळत नाही.

मालकाची बाजू

मी घर भाड्याने देतो, म्हणून लिहू की नको असं झालं होतं. सॅन होजेतलं टाउनहाउस, २०२१ ला घेतलं, नोकरी सिअ‍ॅटलला गेल्यावर भाड्याने दिलं. भाडं ३,८००. हप्ता, मालमत्ता कर, सोसायटीचे पैसे मिळून महिना ५,४०० जातात. शेजारच्या आजोबांचं हुबेहूब तसंच घर, १९८६ ला घेतलेलं. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या राज्याच्या नियमामुळे कर खरेदीच्या किमतीवर बसतो आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते. त्यामुळे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना माझा कर त्यांच्या कितीतरी पट आहे. मी भाडेकरूंचं भाडं तीन वर्षं वाढवलेलं नाही. वेळेवर देतात, लिंबाच्या झाडाला पाणी घालतात. तरी माझ्या ३,८०० नी एखाद्या शिक्षिकेचं दार बंदच राहतं, हे ईस्ट सॅन होजेच्या ताईंचं वाचून कळलं. मागच्या अंगणात छोटं घर बांधायची परवानगी आता सोपी झाली आहे, पण टाउनहाउसला अंगणच नसतं. ज्यांना आहे त्यांनी विचार करावा.

मिलपिटास, छोटासा अनुभव

डिपॉझिट: घर सोडल्यापासून २१ दिवसांत खर्चाच्या तपशिलासह परत द्यावं लागतं. आम्हाला रंगाचे ९०० कापले होते. पाच वर्षं राहिल्यावर रंग जुना होणं ही सामान्य झीज असते, असं पत्र लिहिलं, पैसे आले. आत जातानाचे फोटो काढून ठेवा. जुलै २०२४ पासून डिपॉझिट साधारणपणे एका महिन्याच्या भाड्याएवढंच घेता येतं, लहान मालकांना थोडी सूट आहे.

धागा काढणारी

इमारत १९७४ ची निघाली. माउंटन व्ह्यूच्या दादांनी लिहिलेलंच साध्या भाषेत ईमेलमध्ये घातलं, मालकाच्या वतीने काम बघणाऱ्या बाईंना पाठवलं. पाठवताना हात थरथरत होते. वाटलं, आहे तीही लीज गेली तर? चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी फोन आला, नवं पत्र देतो म्हणाल्या. ३,३४०.

त्याच संध्याकाळी आमच्या जिन्यातली बाकीची सात दारं वाजवली. दोन चिनी कुटुंबं, एक तेलुगू, एक मेक्सिकन आजोबा, बाकी घरी नव्हते. आजोबांना पत्र आलं होतं, १४ टक्क्यांचं, आणि त्यांनी सामान बांधायला खोकी आणून ठेवली होती. त्यांची नात आमच्या स्वयंपाकघरात बसून त्यांच्यासाठी स्पॅनिशमध्ये ईमेल लिहिते आहे, मी चहा टाकला आहे. सासू-सासऱ्यांची तिकिटं उद्या काढू.