मदत हवी आहे: बाबांना बेंगळूरचं 'मॅप' म्युझियम दाखवायचंय, एका दिवसात जमेल?

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावचे, शहापूरला राहतो. बाबांची सगळी नोकरी उद्यमबागेतल्या कारखान्यांत फॅब्रिकेशनमध्ये, म्हणजे लोखंड-पत्र्याच्या कामात गेली, आता वय ७२. चित्रांशी त्यांचा संबंध गणपतीच्या आरासीपुरताच.

झालं असं, की कस्तुरबा रोडवरच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीचा, म्हणजे 'मॅप'चा, फोटो मी मोबाईलवर बघत होतो. तेच ते, २०२३ला उघडलेलं, बाहेरून स्टीलच्या पत्र्यांचं. बाबांनी चष्मा वर केला, फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाले, "ही ठेसनातली पाण्याची टाकी हाय की!" वास्तुरचनाकारांच्या डोक्यातही टाकीच होती हे मी नंतर वाचलं. प्रत्येक पत्र्यावर फुली उठवलेली आहे. पातळ सपाट पत्रा पोट काढतो, फुली मारली की ताठ राहतो, असं बाबांनी कागदाला घड्या घालून दाखवलं. तेव्हापासून "जोड जवळनं बघायचाय" हेच चाललंय.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघून दुसऱ्या रात्री परत यायचा विचार आहे. गुडघ्यांमुळे जिने होत नाहीत. लिफ्ट, व्हीलचेअर मिळते का? भिंतीजवळ जाऊन पत्र्याला हात लावू देतात का? नाहीतर सिक्युरिटीवाल्याशी कन्नडमध्ये वाद घालतील, आणि तो वाद बाबाच जिंकतील.

प्रतिसाद १: सोमवार टाळा, बंद असतं. मॅजेस्टिकहून (मुख्य रेल्वे स्टेशनचा भाग) मेट्रोच्या पर्पल लाईनवर तिसरं स्टेशन कब्बन पार्क, पुढे रिक्षा करा. लिफ्ट आहे, व्हीलचेअरची सोय चांगली आहे. आत फोटोग्राफर ज्योती भट्टांचे फोटो लागलेले असले तर चुकवू नका. खेड्यातल्या घरांच्या भिंती, रांगोळ्या त्यांनी वर्षानुवर्षं टिपल्यात, तुमच्या बाबांनाही आवडतील. आणि त्याच रस्त्यावर विश्वेश्वरय्या म्युझियम आहे, तिथे इंजिनांचं आख्खं दालन आहे!

धागाकर्ता: आभार! इंजिनांचं सांगून चूक केली, आता आधी तिकडेच जायचं म्हणतायत. गाडी पहाटे पोचते, म्युझियम उघडेपर्यंत तीन-चार तास काढायचे आहेत. मॅजेस्टिकजवळ अंघोळ आणि नाष्ट्याची बरी सोय कुठे होईल? बाबांना पोह्यांशिवाय चालतं, चहाशिवाय नाही.