आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन केनियाची सफारी करावी का?

प्रश्न : जुळे सोलापूर

नमस्कार. माझी मुलगी आज पाच महिन्यांची आहे. माझे मोठे दीर नोकरीनिमित्त गेली चार वर्षे नैरोबीला राहतात आणि त्यांनी येत्या ऑगस्टमध्ये आम्हा सर्वांना तिकडे बोलावले आहे. तिकडच्या पावसाळ्यानंतरच्या या दिवसांत विल्डबीस्ट या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचे प्रचंड कळप टांझानियातील सेरेंगेटीकडून मारा नदी ओलांडून केनियातील मसाई मारा अभयारण्यामध्ये येतात. ते पाहण्यासाठी तीन रात्री मारामध्ये आणि उरलेले दहा दिवस दिरांच्या घरी, असा बेत ठरत आहे. पुढच्या वर्षी त्यांची बदली होण्याची शक्यता असल्यामुळे हे दोघे नवरा-बायको फार आग्रह करीत आहेत.

घरात दोन मते पडली आहेत. सासूबाई म्हणतात, ज्या लेकराचे अजून उष्टावणसुद्धा झालेले नाही, त्याला जंगलात कशाला न्यायचे? माझ्या यजमानांचे म्हणणे असे, की तिकडेही मुले जन्मतात आणि वाढतात, मग आपणच एवढे का घाबरायचे? मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच निर्णय होत नाही. खरे सांगायचे तर माझ्या डोळ्यांसमोर सिंहच येतो. कापडी तंबू, उघडी गाडी, आणि माझी मुलगी रात्री किमान दोनदा मोठ्याने रडते. ती पूर्णपणे अंगावर पिते. ऑगस्टमध्ये ती आठ महिन्यांची असेल. ज्यांनी लहान बाळाला घेऊन असा प्रवास केला आहे किंवा ज्यांना वैद्यकीय बाजू ठाऊक आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. नुसते ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ नको आहे. नेमकी भीती कशाची बाळगायची, हे मला समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ : बालरोगतज्ज्ञ, होटगी रोड

ताई, सिंहाची भीती स्वाभाविक आहे, पण तुमच्या प्रश्नात मी सिंहाला बराच खालचा क्रमांक देईन. पहिला क्रमांक डासाचा आहे.

आधी पीतज्वर, म्हणजे डासांमुळेच पसरणारा यलो फीवर, पाहू, कारण तुमच्या बाबतीत खरी अडचण तिथेच आहे. केनिया हा पीतज्वराचा धोका असलेला देश मानला जातो. तेथून भारतात परतणाऱ्या प्रवाशाकडे लसीचा दाखला मागितला जातो आणि तो नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याचा नियम आहे. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. ती सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि २०१६ पासून तो आयुष्यभरासाठी ग्राह्य धरला जातो. मात्र ही जिवंत लस आहे, म्हणजे तिच्यात दुर्बळ केलेला जिवंत विषाणू असतो. सहा महिन्यांखालील बाळाला ती अजिबात देत नाहीत आणि सर्वसाधारणपणे नऊ महिने पूर्ण होईपर्यंत थांबतात, कारण फार लहान बाळांमध्ये या लसीमुळे मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. म्हणजे ऑगस्टमध्ये तुमच्या मुलीला लस देता येणार नाही.

आता यातला जो भाग बहुतेकांच्या ध्यानात येत नाही, तो सांगतो. तुम्ही स्वतः लस घेतली, तर लसीतला विषाणू दुधातून बाळापर्यंत पोहोचू शकतो. ब्राझीलमध्ये आईने लस घेतल्यानंतर स्तनपान करणाऱ्या अगदी लहान बाळाला मेंदूज्वर झाल्याची नोंद आहे. त्यामुळे नऊ महिन्यांखालील बाळाला पाजणाऱ्या आईने, प्रवास टाळता येण्यासारखा असेल तर, ही लस घेऊ नये असेच सांगितले जाते. तुमचा प्रवास टाळता येण्यासारखा आहे. माझ्या दृष्टीने ऑगस्टमधील केनियाचा प्रश्न येथेच संपतो. पण पुढे कधी जाल तेव्हा उपयोगी पडेल म्हणून मलेरियाबद्दलही लिहितो.

मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या आसपास उंचीवर असला तरी तेथे मलेरिया आहे, आणि आफ्रिकेतला मलेरिया बहुतांशी फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीचा असतो. लहान बाळात तो काही तासांत गंभीर रूप घेऊ शकतो. प्रतिबंधक गोळ्या आहेत, पण त्यांतल्या काही पाच किलोंहून कमी वजनाच्या बाळाला देता येत नाहीत, डॉक्सिसायक्लिनसारखी आठ वर्षांखालील मुलांना देत नाहीत, आणि आईने घेतलेल्या गोळीचा जो अंश दुधातून जातो, त्याने बाळाचे संरक्षण होत नाही. बाळाला त्याच्या वजनाप्रमाणे स्वतंत्र मात्राच द्यावी लागते. डीट असलेले डासरोधक मलम दोन महिन्यांपुढच्या बाळाला चालते, परंतु ते पंजांना लावू नये, कारण पंजे तोंडात जातात. लिंबाच्या वासाच्या निलगिरी तेलाचे मलम ‘नैसर्गिक’ म्हणून लोक आवर्जून घेतात. ते मात्र तीन वर्षांखाली वापरायचे नसते. सर्वांत भरवशाची वस्तू म्हणजे औषध लावलेली मच्छरदाणी, गादीखाली चारही बाजूंनी नीट खोचलेली.

उत्तर २ : सहा वर्षे नैरोबीत होतो, आता रेल्वे लाइन्स

डॉक्टरांनी सांगितले त्यात मी भर घालणार नाही, फक्त तेथील अंतरांविषयी लिहितो, कारण नकाशावर मारा नैरोबीच्या अगदी शेजारी दिसतो. रस्त्याने नारोकमार्गे पाच ते सहा तास लागतात. शेवटचा उद्यानातला रस्ता असा आहे, की मोठ्या माणसाचीही मान दुखते. आठ महिन्यांच्या बाळाला मांडीवर धरून त्या रस्त्याने जाणे मला स्वतःला मान्य होणार नाही. बऱ्याच सफारी गाड्यांत लहान मुलाचे आसन बांधण्याची सोय नसते. छोट्या विमानाने गेल्यास पाऊण तासाच्या आसपास लागतो, पण विमान मातीच्या धावपट्टीवर उतरते आणि तेथून पुन्हा गाडी आहेच.

आमचा मुलगा दीड वर्षाचा असताना आम्ही माराला गेलो होतो. दुसऱ्या रात्री त्याला ताप भरला. छावणीचा जनरेटर रात्री दहाला बंद झालेला, आमचा थर्मामीटर नैरोबीच्या घरी कपाटात राहिलेला आणि छावणीत विचारले तर त्यांच्याकडेही नव्हता. बॅटरीच्या उजेडात माझी पत्नी त्याच्या कपाळावर ओला रुमाल ठेवीत होती आणि मी व्यवस्थापकाशी बोलत होतो. त्याने शांतपणे सांगितले, की आमच्या धावपट्टीवर दिवे नाहीत, विमान बोलवायचे तरी उजाडल्यावरच येईल. बाहेर तरस ओरडत होते. त्या आवाजाची मला भीती वाटली नाही; घड्याळात पावणेदोन झाले होते, याची वाटली. सकाळी ताप उतरला आणि पुढे तो साधा विषाणूजन्य ताप निघाला. पण ते साडेचार तास मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून ज्यांना जायचेच आहे त्यांना मी एवढे सांगतो, की हवाई रुग्णवाहिकेची सोय विम्यात आहे का, हे आधी वाचून घ्यावे. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून आम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही संस्था ही सेवा देते. तिची सुरुवात १९५७ साली झाली आणि पूर्व आफ्रिकेत तिच्यावर लोकांचा मोठा विश्वास आहे.

ताई, तुमच्यासमोर एक मधला मार्गही आहे. नैरोबी शहर सुमारे १,८०० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथे मलेरियाचा धोका फार कमी आहे, चांगली रुग्णालये आहेत, आणि शहराला लागूनच १९४६ साली स्थापन झालेले नैरोबी राष्ट्रीय उद्यान आहे. ११७ चौरस किलोमीटरच्या त्या उद्यानात सिंह, गेंडे, जिराफ, रानम्हशी सर्व आहेत, फक्त हत्ती नाहीत. तुमच्या दिरांच्या गाडीत बाळाचे आसन बसवून सकाळी सहाला निघालात, तर दहापर्यंत घरी येऊन मुलीला आंघोळ घालता येते. मी तेथे कितीतरी रविवार घालवले. गवतात उभा असलेला गेंडा आणि त्याच्या मागे शहरातील उंच इमारती, हे दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसेल. लसीचा दाखला मात्र भारतात परत येताना लागेलच, मग तुम्ही फक्त नैरोबीत राहिलात तरी.

उत्तर ३ : विजापूर रोड

आम्ही दोन वर्षांपूर्वी जुलैत दहा महिन्यांच्या मुलीला घेऊन दक्षिण आफ्रिकेत गेलो होतो, म्हणून लिहिते. तेथेही मलेरिया आहे, प्रसिद्ध क्रुगर उद्यान त्याच पट्ट्यात येते. पण पिलानेसबर्ग, मादिक्वे आणि पूर्व केपमधील अॅडो हत्ती उद्यान या भागांत मलेरिया नाही. दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या देशांत येत नसल्यामुळे तोही प्रश्न नव्हता. फक्त विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे न घेता आखाती देशांतून घेतले, कारण पीतज्वराच्या देशात विमानतळावर बारा तासांहून अधिक मुक्काम पडला तरी दाखला मागू शकतात.

आम्ही पिलानेसबर्ग निवडले. जोहान्सबर्गहून ते गाडीने अडीच तासांवर आहे आणि एका फार जुन्या, विझलेल्या ज्वालामुखीच्या वर्तुळाकार डोंगररांगांमध्ये वसलेले आहे. लॉजवर पोहोचल्यावर कळले, की त्यांच्या उघड्या जीपमध्ये सहा वर्षांखालील मुलांना घेत नाहीत. आरक्षण करताना हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते आणि त्या दिवशी मी फार चिडले होते. आता वाटते, नियम योग्य होता, कारण बाळ अचानक रडले तर जनावर बिथरते, सोबतच्या प्रवाशांचाही विरस होतो. तुम्ही मात्र पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. आमच्याकडे भाड्याची गाडी होती, त्यात बाळाचे आसन होते, आणि तेथे स्वतःची गाडी चालवीत फिरता येते. काचा बंद, वेग कमी, आणि ठरवून दिलेल्या जागांशिवाय खाली उतरायचे नाही. मुलीला झोप येईल तेव्हा आम्ही पाणवठ्याजवळ गाडी बंद करून थांबत असू. तेथेच एकदा चौदा हत्ती आमच्यासमोरून पाण्यावर गेले. सर्वांत लहान पिल्लू आईच्या पोटाखालून चालत होते आणि आमची मुलगी मांडीवर दूध पिता पिता गाढ झोपलेली होती.

एक गोष्ट सोलापूरकर म्हणून आमच्या हिशेबात नव्हती. जुलै म्हणजे तेथला हिवाळा, पहाटे पारा तीन-चार अंशांवर येतो. आपण उन्हाचा विचार करून टोप्या आणि सुती झबली भरतो. मी केवळ सवयीने बॅगेत टाकलेली सोलापुरी चादर चार दिवस मुलीभोवती गुंडाळलेली होती.

कागदपत्रांचे आताच पाहा. आई-वडील दोघांचीही नावे असलेला जन्मदाखला दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाच्या अर्जासोबत जोडावा लागतो. आमच्या दाखल्यावर बाळाचे नावच नोंदवलेले नव्हते, त्यासाठी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागात तीन फेऱ्या झाल्या.

उत्तर ४ : कस्तुरबा मार्केट

माझे थोडेसेच. कुठेही जायचे ठरवा, त्याआधी मुलीला घेऊन एकदा नान्नजच्या माळढोक अभयारण्यात पहाटे जाऊन या. सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटर तर आहे. माळढोक आता दिसणे फारच दुर्मीळ झाले आहे, पण काळविटांचे कळप दिसतात. मी नातवाला घेऊन गेलो होतो. गाडीत दोन तास कमी आवाजात बसणे त्याला जमते का, त्याला पाजायचे आणि लंगोट बदलायचे कुठे, धुळीने तो खोकतो का, हे सर्व एका सकाळीत समजते. मात्र आता मे महिना आहे, आठच्या आत परत फिरा.

पुन्हा जुळे सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. लसीतला विषाणू दुधातून बाळाकडे जाऊ शकतो, हे मला कोणीही सांगितले नव्हते. काल रात्री यजमानांना डॉक्टरांचे उत्तर वाचून दाखविले आणि ऑगस्टचा बेत त्यांनीच रद्द केला. दिरांना फोन केला, तेव्हा ते थोडे नाराज झाले, पण जाऊबाईंनी लगेच डिसेंबर सुचवला. तेव्हा मुलगी वर्षाची होईल. मारा सोडून द्यायचा, नैरोबीत त्यांच्याच घरी राहायचे आणि सकाळच्या वेळी शहराजवळचे उद्यान पाहायचे, असे ठरत आहे. सासूबाईंनाही सोबत नेण्याचा विचार आहे. एक शंका आहे : नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस आणि पीतज्वराची लस एकाच वेळी घेता येईल का?

उत्तर १ : बालरोगतज्ज्ञ, होटगी रोड

दोन्ही जिवंत लसी आहेत आणि एकत्र दिल्यास त्यांचा परिणाम थोडा कमी होऊ शकतो, म्हणून शक्य असेल तर अठ्ठावीस दिवसांचे अंतर ठेवावे. नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेला घ्या, महिन्याने पीतज्वराची घ्या. डिसेंबरपर्यंत पुरेसा वेळ आहे. तुमची स्वतःची लसही तेव्हाच घ्या, त्याआधी नको. सासूबाईंचे वय साठच्या पुढे असेल तर त्यांना ही लस द्यावी की नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी तपासून ठरवावे लागेल, कारण त्या वयात दुष्परिणामांचे प्रमाण वाढते.

आणि परत आल्यावर पहिले तीन महिने मुलीला केव्हाही ताप आला, तर येथील डॉक्टरांना आम्ही केनियाहून आलो आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या. सोलापुरात ताप म्हटला की आधी डेंग्यूचा विचार होतो. प्रवासाचे सांगितले नाही, तर त्यात दोन दिवस जातात.