हटके काही पाह्यचं हाय, विदर्भातच, सुचवा ना भाऊ

दिवाळीत पाव्हणे येऊन राह्यले पुण्याहून, ताडोबा, शेगाव झालंय त्यांचं. काही येगळं सांगा, गाडी हाय घरची.

उत्तर १: लोणार न्या बाप्पा! उल्का पडून झालेलं तळं, पाणी खारं अन् वरून सोड्यासारखं बुळबुळीत. २०२० च्या जूनमधी गुलाबी झालं होतं, मीठ मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळं. म्या खाली उतरलो तं काठावर असा वास, की मेव्हण्यानं जेवणाचा डबाच उघडला नाई, अन् चढताना मले म्हणे 'काहून आणलं इथं?' पण वरून पाह्यलं की बोलती बंद. गावातलं दैत्यसूदन मंदिर सोडू नका, कोरीवकाम भारी हाय.

उत्तर २: नागपूरजवळ काटोल रोडवर जुनापाणी. मोठमोठे दगड गोल मांडून ठेवलेले, लोहयुगातल्या लोकांचं दफन. बोर्ड शोधत बसावं लागते, आमी तं पुढच्या गावातून परत आलो. पोरं बोअर होतील हे आधीच सांगतो.

उत्तर ३: पोरं असतील तं चिखलदऱ्याचा पंचबोल पॉइंट! ओरडलं की दरी उलट ओरडते, आमचा बारका तिथून हलेच ना.

मूळ प्रश्नकर्ता: लोणार फिक्स. डबा वरच खाऊन घेतो मंग 😄