'एवढं मोठं झालं, अजून अंगावर पितं?' तुमचे अनुभव लिहा

दर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह येतो आणि दवाखान्यांच्या भिंतींवर पोस्टर लागतात. त्यावरचं बाळ कायम महिना-दोन महिन्यांचं, दुपट्यात गुंडाळलेलं, डोळे मिटलेलं. दात आलेलं, घरभर धावणारं, 'आता दुसऱ्या बाजूचं दे' असं सांगणारं मूल मला अजून एकाही पोस्टरवर दिसलेलं नाही. माझ्या घरी मात्र तेच आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा, पोळीभाजी व्यवस्थित खातो आणि झोपताना अजून अंगावर पितो.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, मग वरच्या आहारासोबत दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना पूर्वी किमान एक वर्ष म्हणायची. 2022 साली तिनेही दोन वर्षं आणि पुढे, आई-मुलाला हवं तोवर, असं धोरण केलं. थोडक्यात, डॉक्टरांच्या कागदावर मी काही वेडंवाकडं करत नाहीये. तरी गेल्या दिवाळीपासून मी खोलीचं दार लावून पाजते.

माझा एक संशय आहे. लोकांना वय खटकत नाही, मूल तोंडाने मागायला लागलं की खटकतं. न बोलणारं दीड वर्षाचं मूल पदराखाली गेलं तर कुणी वळून बघत नाही. त्याच वयाचं चुरूचुरू बोलणारं मूल चारचौघांत 'दुदू दे' म्हणालं की बायका एकमेकींकडे बघतात. हे खरं आहे की नाही, ते तुमच्याकडून ऐकायचंय.

सल्ले नकोत, घडलेलं लिहा. ज्यांना हे सगळं नकोसं झालं त्यांनीही लिहा, बाप आणि आज्यांनीही लिहा. नावं टाकू नका.

सांगलीहून, एका मुलीची आई

तुमचा संशय शंभर टक्के खरा. नणंदेच्या लग्नात हळद चालू होती. माझी लेक सव्वातीन वर्षांची, परकर-पोलक्यात, गळ्यात मोत्याची माळ. सगळ्या बायका तिचं कौतुक करत होत्या आणि ती माझ्या मांडीवर चढून खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, पेपे दे." ढोलकी थांबावी तशा बायका थांबल्या.

मग सुरू झालं. एक चुलत सासूबाई म्हणाल्या, दात किडतील. दुसऱ्या म्हणाल्या, तुझी हाडं ठिसूळ होतील. तिसऱ्या, ज्यांना मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, त्या म्हणाल्या, "पोरीच्या जातीला इतकं पाजू नये, बाईच्या अंगातलं सगळं ओढून घेते." मुलगा असता तर काय ओढून घेतलं नसतं, हे विचारायचं राहून गेलं. कुणीतरी माझ्या अंगावर शाल टाकली. मला थंडी वाजत नव्हती.

आता मजा ऐका. घरी रोज रात्री 'बास कर की आता' म्हणून माझ्या मागे लागणाऱ्या आमच्या सासूबाई हळदीचं ताट घेऊन मध्ये आल्या आणि म्हणाल्या, "पाजते माझी सून, पिते माझी नात. तुमची काय म्हैस आटली काय?" सगळ्या हसल्या, विषय संपला. मी भारावून गेले होते. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी, "लग्नात लाज गेली, आता तरी तोड."

त्यांना पाजण्याची हरकत नाही, लोकांपुढे पाजण्याची आहे. आणि लोकांनी बोलण्याची तर त्याहून जास्त.

रत्नागिरी जिल्हा, वय पन्नाशीच्या पुढे, पुरुष

बाप्यांनी लिहावं म्हणालात म्हणून लिहितो. मी पाच भावंडांतलं शेंडेफळ. पहिलीत असेपर्यंत आईचं प्यायलेलो आहे आणि ते मला स्पष्ट आठवतं. शाळेतून आलो की दप्तर पडवीत आणि मी आईच्या मांडीवर. ती तेव्हा पाठ टेकून बसायची, एरवी दिवसभर बसलेली मी तिला पाहिलीच नाही. दूध येत होतं की नाही कुणास ठाऊक. लावणीच्या दिवसांत ती शेतातून चिखलाच्या पायांनी यायची, तेव्हाही.

वाडीत माझी चेष्टा व्हायची. "मिशी फुटली तरी सुटूचा नाय ह्याचा," असं शेजारचे आजोबा म्हणायचे. पण शेंडेफळ असंच असतं, हे सगळ्यांना मान्य होतं. लाज पहिल्यांदा वाटली ती मे महिन्यात मुंबईची चुलत भावंडं आली तेव्हा. काकूने त्यांना दुसऱ्या खोलीत नेलं. कुणी मला काही बोललं नाही. त्यानंतर मी आपणहून मागितलं नाही.

मी आज धडधाकट आहे, आईला चिकटूनही नाही. बायको म्हणेल ते खोटं आहे.

अंगणवाडी सेविका, मराठवाडा

मला दुसरी बाजू मांडायची आहे, राग मानू नका. माझ्याकडे येणाऱ्या काही आया अभिमानाने सांगतात, "अजून अंगावरच आहे." मूल दोन वर्षांचं आणि वजन वाढीच्या तक्त्यावर लाल रेषेखाली. दुधाचा दोष नाही त्यात. उष्टावण झालं, फोटो निघाले आणि वाटी पुन्हा फडताळात गेली. सहा महिन्यांनंतर घट्ट वरण-भात, अंडं, शेंगदाणे, तेल-तूप पोटात गेलं नाही तर लोह कमी पडणारच. दूध हे जेवणासोबत, जेवणाऐवजी नाही, हे वाक्य मी झोपेतही बोलते.

आणि याच्या उलट. पुन्हा दिवस गेले की घरातली मोठी माणसं एका रात्रीत दूध तोडायला लावतात, 'पोटातल्याचं दूध ह्याला बाधेल' म्हणून. ते बाधत नाही. आईची तब्येत धड असेल आणि डॉक्टरांनी वेगळ्या कारणाने मना केलं नसेल तर पाजता येतं. पण ऐकतो कोण. आणि माझ्या भागात तरी, पहिली मुलगी असली की तिचं लवकर सुटतं. दुसऱ्याची घाई असते.

धागाकर्ती

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्यावर थांबले. सीमा जयचंद्रन आणि इलियाना कुझिएम्को या दोघी अर्थतज्ज्ञांनी 2011 साली भारतातल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आकडेवारी तपासून नेमकं हेच दाखवलं होतं. आपल्याकडे मुलींना मुलांपेक्षा कमी काळ पाजलं जातं आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे मुलगा हवा म्हणून आई लवकर पुन्हा गरोदर राहावी ही इच्छा. पाजत असताना दिवस राहणं लांबतं, हे अभ्यास न वाचताही घराघरांत माहीत असतं. 'एवढ्या मोठ्या पोरीला काय पाजतेस' यामागे कधी कधी हा हिशेब असतो. सांगलीच्या मांडवातल्या त्या तिसऱ्या बाई मला आता वेगळ्याच दिसायला लागल्या.

हिंजवडी, बाबा

मी घरातला विरोधी पक्ष आहे आणि पक्ष बदललेला नाही. मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत रात्री दोन-तीनदा उठून प्यायचा. बायको नोकरी करते, सकाळी तिचे डोळे सुजलेले. मी म्हणायचो सोडव, ती म्हणायची तुला लाज वाटते. लाज वाटत होती का? मित्र घरी आले असताना थोडी वाटायची, नाकारत नाही. पण मुख्य भांडण झोपेचं होतं. दातांच्या डॉक्टरांनीही सांगितलं की वर्षानंतर रात्रभर तोंडात दूध राहिलं आणि दात घासलेच नाहीत तर कीड लागते. आमच्या मुलाच्या पुढच्या दोन दातांना लागली.

यात माझ्या आईने घोळ घातला. मी तिला माझ्या बाजूने बोलावलं तर ती म्हणाली, "तू साडेतीन वर्षं प्यायलास. तुझे बाबा तेव्हा काही बोलले नाहीत." बाबा पेपर वाचत होते. ते आत्ताही काही बोलले नाहीत.

शेवटी रात्रीचं बंद, संध्याकाळचं चालू, असा तह झाला.

ग्लासगोहून

इथे कायदा आहे. स्कॉटलंडमध्ये 2005 पासून दोन वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक जागी पाजणाऱ्या आईला अडवणं हा गुन्हा आहे. शिवाय 2010 च्या समानता कायद्यानुसार दुकानात किंवा कॅफेत पाजते म्हणून आईला वाईट वागवता येत नाही आणि तिथे मुलाच्या वयाची अट नाही. त्यामुळे कुणी काही बोलत नाही. खरंच कुणीच नाही. बागेत लेकीला तिसऱ्या वर्षी जवळ घेतलं तर बाकावरच्या बाई अतिशय सभ्यपणे आपला फोन बघायला लागतात. ती सभ्यता मला सांगलीच्या चुलत सासूबाईंपेक्षा जड जाते. त्यांना उत्तर तरी देता येतं.

2012 च्या मे महिन्यात 'टाइम' मासिकाच्या मुखपृष्ठावर एक आई आणि खुर्चीवर उभा राहून पिणारा तिचा जवळपास चार वर्षांचा मुलगा असा फोटो आला होता. फार गदारोळ झाला. इथे अजून कुणाला 'मोठं मूल' म्हटलं की तोच फोटो आठवतो. प्रत्यक्षात असं उभं राहून कॅमेऱ्याकडे बघत कोण पाजतं? मूल आजारी असतं, पडलेलं असतं, झोप आलेली असते. मांडीवर लोळत असतं, पाय सोफ्याच्या हातावर. त्यात बघण्यासारखं काही नसतं, म्हणूनच तो फोटो कुणी काढत नाही.

ठाणे, दोन मुलं

पहिल्याच्या वेळी कायद्याने मिळतात तेवढ्या सव्वीस आठवड्यांच्या रजेनंतर कामावर गेले. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसात दोन सुट्ट्या मिळतात, पण मूल ठाण्यात आणि मी अंधेरीत, तर त्या सुट्टीत मी काय लोकलच्या रुळांना पाजू? स्टेशनरीच्या खोलीत पंप लावायचे. आठव्या महिन्यात दूध आटलं. खालच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "आजकालच्या मुलींना फिगरची काळजी."

दुसऱ्याच्या वेळी घरून काम होतं. तीन वर्षं पाजलं. त्याच काकू म्हणाल्या, "तुला काही उद्योग नाही का?"

नाव नको, गाव नको

मी थोडं वेगळं लिहिते. अशा आयांच्या गटांमध्ये मी होते, जिथे 'मूल आपणहून सोडेपर्यंत पाजा' असं सांगतात. मला तिसऱ्या वर्षानंतर मूल जवळ आलं की अंगावर शहारा यायचा, चिडचिड व्हायची, दात ओठ खाऊन पाजायचे. गटात लिहिलं तर उत्तर आलं, थोडं सहन करा, हे दिवस परत येणार नाहीत. घरचे म्हणत होते सोडव, गट म्हणत होता सोडवू नकोस, आणि मला काय हवंय हे दोन्हीकडे कुणी विचारलं नाही. मी सोडवलं. मुलगी आठवडाभर रडली, मग विसरली. मी तिला अगदी जवळ घेऊन झोपते, फक्त कुडत्याची बटणं लावून.

कृपया मला 'पण तू प्रयत्न तरी केलास' असं कुणी लिहू नका.

अकोला (आजी सांगते आहे, मी नात टाइप करते आहे)

आजीला पाच मुलं, वय ऐंशीच्या आसपास. हा धागा वाचून दाखवला तर ती म्हणाली, एवढं बोलायला वेळ आहे म्हणून बोलतात. तिच्या वेळी कुणी विचारायचं नाही, कारण बघायला कुणी रिकामं नसायचं. मोठ्या काकांना तिने चार वर्षं पाजलं. मी विचारलं, इतकी वर्षं का? तर म्हणे, "काहून तोडू वं? घरचं दूध डेअरीले जाये. पोराले काय पाजू मंग?" पूर्वीच्या बायका किती निसर्गाच्या जवळ होत्या वगैरे लिहिणाऱ्यांनी हे वाचावं.

तोडायची वेळ आली की कोरफडीचा गर किंवा कडुनिंबाचा पाला वाटून लावायचे. काकांनी तोंड वेडंवाकडं केलं, परसात जाऊन तांब्याभर पाणी आणलं, धुतलं आणि प्यायले. मग त्यांना मामाच्या गावाला धाडलं. ते काका आज निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि हे मी इथे लिहिते आहे हे त्यांना माहीत नाही.

सातारा रोडवरून, आत्ताच

मी वाचकच होते, पण काल घडलं म्हणून लिहिते. पोरगी पावणेचार वर्षांची, ताप उतरलेला, बस लागायला वेळ होता. बसस्थानकावरच्या हिरकणी कक्षात जाऊन बसले. आत एक बाई तान्हं घेऊन होत्या. माझी लेक बूट काढून मांडीवर आली तेव्हा त्यांनी मान वाकडी करून बघितलं. "ही? ही पिते?" म्हटलं, हो, बरं नसलं की पिते. "ही खोली लहान बाळांसाठी आहे ना पण."

मी म्हटलं, हिरकणी गडाचा कडा उतरून घरी गेली ती लेकरू भुकेलं असेल म्हणून. त्याचा जन्मदाखला नाही बघितला तिने. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ते खरं, पण एवढी मोठी मी बघितली नाही कधी." मग त्यांनी विचारलं की एवढं दूध टिकतं कसं, त्यांना तिसऱ्या महिन्यातच कमी पडतंय असं वाटतंय, सासूबाई पावडर आणायला सांगतायत. मी म्हटलं, वजन वाढतंय ना, दिवसातून पाच-सहा वेळा शू होते ना, मग बहुतेक पुरतंय, तरी डॉक्टरांना एकदा दाखवा. तेवढ्यात त्यांची गाडी लागली. जाताना पुन्हा माझ्या लेकीकडे बघून म्हणाल्या, "पण आता सोडव बाई हिला."